सुषमाने अँप्लिफायर घेतला तेव्हा

रखमाबाईंनी विडा पुढे केला आणि सुषमाने पदर पसरून तो घेतला. दोन पानं, एक अख्खी सुपारी, हळदकुंकवाची पुडी. पालेगावातल्या आगरी घरांत धवलारणीला लग्नाचं बोलावणं असंच येतं. देवापुढे ठेवून, त्याला सांगून मगच सुपारी घराबाहेर काढतात. म्हणून एकदा पदरात पडलेली सुपारी कुणी परत करत नाही.

"कं गो सुषमा, येशील ना? नाय तर आताच सांग," रखमाबाई म्हणाल्या. पंच्याहत्तरीच्या, कमरेत वाकलेल्या, पण आवाज अजून खणखणीत. "तुजी सासू गेली तवापासून गावात तीन लग्नं मुकी झाली. नुसता डीजे. आमचे भावनाचं तसं नको. ती पोरगी स्वतःच बोलते, आजी, मना धवला पायजे."

"येईन की आत्या. मी आहे ना," सुषमा म्हणाली.

ते तिने इतक्या सहज म्हटलं की रखमाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या गेल्या. लग्नाला बारा दिवस होते.

धवला हे लग्नाचं गाणं खरं, पण गाणं म्हणून कुणी ते ऐकत नाही. हळद लागताना, तांदळाच्या पिठाने चौक भरताना, देव बसवताना धवलारीण बाजूला पाटावर बसते आणि एकामागून एक ओळी सोडत जाते. देवांना हाका मारते. तांदळाला विचारते, तू कुठल्या खाचरातून आलास. हळदीला विचारते, तुला कुणी दळली. तिच्या डाव्या हाताला दुसरी बाई बसते. ती प्रत्येक ओळीचा शेवट उचलून पुन्हा म्हणते, तेवढ्यात धवलारणीला श्वास घ्यायला सवड मिळते. याला झील धरणं म्हणतात. सुषमाने अकरा वर्षं आपल्या सासूची, जनाबाईची, झील धरली होती. त्यामुळे जनाबाई गेल्यावर गावाने धरूनच चाललं की धवला आता सुषमाकडे आला. सुषमानेही तसंच धरलं होतं.

ती मूळची चामटोलीची. नववीपर्यंत शिकलेली, सडपातळ, हसरी. लग्न होऊन पालेगावात आली तेव्हा दारासमोर भातशेती होती. आता तिथे अठरा मजली इमारती उभ्या आहेत आणि तिचा नवरा हरिचंद्र त्यांतल्याच एका सोसायटीत पाण्याचे पंप चालवतो. सुषमा घरी बसून धागा कटिंग करते. उल्हासनगरच्या कारखान्यातून शिवलेल्या जीन्सचे गठ्ठे येतात, आणि लोंबणारे धागे छोट्या कात्रीने कापून ती ते परत पाठवते. दिवसाचे दोनशे पीस. पण लग्नसराईत ती धागा कापणारी सुषमा नसायची. हिरवी साडी नेसून ती जनाबाईच्या शेजारी बसायची आणि बायका म्हणायच्या, "सुषमाचा गळा काय गोड आहे!" वर्षातले ते पंधरा-वीस दिवस तिला पुरायचे.

विडा घेतला त्याच दुपारी ती जीन्सचा गठ्ठा पुढ्यात घेऊन बसली आणि मनातल्या मनात धवला लावून पाहू लागली. तोंड मिटूनच, कारण मांडवाबाहेर धवला म्हणायचा नाही ही जनाबाईची सक्त ताकीद होती. "मांडव नाय, चौक नाय, आन् देवांना हाक मारायची? आले तर बसवशील कुठं त्यांना?" असं ती डाफरायची. म्हणून घरात, चुलीपाशी, भांडी घासताना कधीच धवला शिकवला गेला नव्हता. जे काय कानावर पडायचं ते लग्नातच.

शेवट भराभर आठवले. एकापाठोपाठ एक, अगदी क्रमाने. पण शेवटाच्या आधी काय? ती थांबली. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. शेवट आला. त्याच्या मागची ओळ आलीच नाही. कात्री हातात तशीच राहिली. जीन्सच्या पायांच्या नुसत्या खालच्या मोहऱ्या हातात याव्यात आणि वर पँटच नसावी, तसं झालं. अकरा वर्षं तिने फक्त शेवटाकडे कान लावला होता. आपल्याला कधी उचलायचं आहे, एवढंच ती ऐकत होती. बाकीची ओळ म्हणजे आपली पाळी येईपर्यंतची वाट.

चामटोलीची धवलारीण स्मृती जाऊन मुलाकडे नाशिकला पडलेली होती, आणि तसाही गावागावाचा धवला वेगळा. विचारणार कुणाला?

तिला लग्नांच्या सीडी आठवल्या. "जुने फोटो बघावेसे वाटतात," असं सांगून तिने शेजारच्या चार घरांतून सीडी मागून आणल्या आणि भाच्याच्या जुन्या लॅपटॉपवर लावल्या. जनाबाई दिसत होती. पाटावर बसलेली, डोळे मिटलेले, ओठ हलत होते. आणि आवाज सिनेमाच्या गाण्याचा. चारही सीडींवर तेच. व्हिडिओवाले मागचा आवाज काढून टाकून गाणी भरायचे, तशी फॅशनच होती. सुषमाच्या दिराच्या लग्नाची सीडी तर तिने स्वतः अंबरनाथला स्टुडिओत बसून बनवून घेतली होती. त्या माणसाने विचारलं होतं, "आजीचा आवाज ठेवायचा का?" आणि तिनेच सांगितलं होतं, "नको हो, मस्त गाणं टाका."

मग ती बदलापूरला नणंदेकडे गेली. कुंदा तिच्याहून सहा वर्षांनी मोठी, जनाबाईची एकुलती एक लेक, जिभेला धार. सुषमाने आडवळणाने विषय काढला तरी तिने लगेच ओळखलं.

"म्हणजे येत नाही तुला."

"येतो हो ताई. मधलं थोडं..."

"थोडं?"

सुषमाने नकारार्थी मान हलवली.

"मला नाही शिकवला आईने," कुंदा म्हणाली. "लेक दुसऱ्याच्या घरची, धवला सुनेचा, म्हणाली. मी दारात उभी राहून ऐकायचे, तर हाकलायची. आणि ज्या सुनेला दिला तिने काय केलं, तर नटून बसली!"

"ताई, मारा हवं तर मला. पण तुमच्याकडे काही आहे का?"

कुंदाकडे होतं. सात वर्षांपूर्वी एका चुलतभावाच्या हळदीला तिने मोबाईलवर चोरून आवाज भरून घेतला होता. सत्तेचाळीस मिनिटं. तिने तो लावला. बायकांची कुजबुज, भांडी, कुठेतरी बेंजोवाला पट्ट्या जुळवत होता, आणि त्या सगळ्याच्या तळाशी एक बारीक, किडा गुणगुणावा तसा आवाज.

"इतका लांब का येतोय?"

"फोन मी सांभाळ म्हणून तुझ्या मांडीवर ठेवला होता, वहिनी. आईच्या जवळ ठेवला असता तर तिने भिरकावला असता."

कुंदाच्या यजमानांना जुनी गाणी ऐकायचा नाद. त्यांनी आपले मोठे, कान पूर्ण झाकणारे हेडफोन आणून दिले. कुठल्यातरी रेकॉर्डिंग स्टुडिओतून सेकंड हँड घेतलेले. सुषमाने ते लावले. आवाज आणखीच क्षीण झाला. "ते मोबाईलवर नीट वाजत नाहीत," यजमान म्हणाले. "भारी माल आहे, त्याला वेगळा अँप्लिफायर लागतो. मी घेतलाच नाही. कशाला, म्हटलं, एवढं!"

सुषमाने त्यातलं एकच ऐकलं. वेगळा अँप्लिफायर. म्हणजे आवाज आहे, फक्त त्याला बाहेर काढणारं यंत्र आपल्याकडे नाही. बुडत्या बाईला फळी दिसावी तशी ती त्या शब्दाला लटकली. रेकॉर्डिंग तिने आपल्या मोबाईलवर घेतलं, हेडफोन पिशवीत घातले आणि दुसऱ्या दिवशी उल्हासनगर गाठलं.

तीन नंबर कॅम्पातल्या बाजारात टेकचंदचं दुकान होतं. साठीचा सिंधी गृहस्थ, नाकाच्या टोकावर चष्मा, समोर उघडलेलं कुठलंतरी यंत्र. त्याने हेडफोन हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि शीळ घातली.

"कहाँ से लाया मौसी? ये तो पुरानी, अच्छी चीज है. गाणी ऐकायची काय?"

"गाणी नाही. माणसाचा आवाज आहे."

"किसका?"

"सासूचा."

टेकचंदने चष्म्यावरून पाहिलं. "पूरी दुनिया सासू का आवाज बंद करवाने आती है. तुम पहली हो जो बढ़ाने आयी."

सुषमाला हसू आलं नाही. तिने सगळं सांगून टाकलं. घरच्यांना सांगितलं नव्हतं तेही. विडा, बारा दिवस, त्यांतले तीन गेले, झील, सगळं. टेकचंदने हातातलं काम बाजूला ठेवलं.

"सुनो," तो म्हणाला, "मी धंदा करतो, पण खरं सांगतो." त्याने कपाटातून एक साधा हेडफोन काढला, तिच्या मोबाईलला लावला आणि तिच्या कानांवर चढवला. "आता ऐका. येतोय ना आवाज? पुरेसा मोठा?"

आवाज मोठा येत होता. पण जनाबाई होती तिथेच, तळाशी.

"बघा. साधा हेडफोन मोबाईलवरच भरपूर वाजतो. अँप कुणाला पाहिजे, तर तुमच्या ह्या भारी हेडफोनला. रेकॉर्डिंगला नाही. ये डब्बी क्या करती है? जितना है उतना बड़ा करके देती है. सासू भी बड़ी, बेंजो भी बड़ा. जो भरा ही नहीं, वो किधर से निकालेगी?"

"पण एकदा लावून तर दाखवा."

त्याने लावून दाखवला. साबणाच्या वडीपेक्षा थोडी मोठी काळी लोखंडी डबी, पुढे एक गोल बटण. मोठे हेडफोन तिला जोडले, मोबाईलची वायर मागे खोचली, बटण हळूहळू फिरवलं.

आधी पाट सरकल्याचा आवाज आला. मग बांगड्या. मग कुणीतरी खाकरलं, अगदी मागे उभं राहून खाकरावं तसं. सुषमा गर्रकन वळली. मागे दुकानाचं शटर होतं आणि रस्ता. जनाबाई सुरू करण्याआधी तशीच खाकरायची. ती गेल्यापासूनच्या दोन वर्षांत सुषमाने ते खाकरणं ऐकलं नव्हतं. मग पहिली ओळ आली, अख्खी, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत.

"हाच द्या," ती म्हणाली.

"मौसी, एक लाइन से फैसला मत करो."

"द्या म्हटलं ना!"

तिच्या आवाजाने बाजूच्या दुकानातला माणूस डोकावला. टेकचंदने हात जोडले. "ठीक आहे. आठ दिवस ठेवा. खोका फाडू नका. नाही जमलं तर घेऊन या, मी पैसे परत देईन. धंदे की जबान आहे."

महिनाभराच्या धागा कटिंगची कमाई त्या डबीत गेली. हरिचंद्रने खोका पाहिला आणि विचारलं, "हे काय?" सुषमा म्हणाली, "आईंचा आवाज." त्याने पुढे विचारलं नाही. आईचं नाव निघालं की तो पंपावर निघून जायचा.

पहिल्या नऊ ओळी मिळाल्या. सुषमाने वहीत त्या सुवाच्य अक्षरात लिहून काढल्या, आणि त्या दुपारी तिला वाटलं, सुटले. दहाव्या ओळीला जनाबाईने सुरुवात केली आणि मध्येच दुसरा आवाज आला. मोठा, गोड, गुळगुळीत. सुषमाने रेकॉर्डिंग मागे घेतलं, पुन्हा ऐकलं. तो तिचाच आवाज होता.

फोन तिच्या मांडीवर होता ना. तिचा आवाज समोरून येत होता आणि म्हातारीचा बाजूने. शेवट उचलायला ती ओळ संपायची वाट बघत नव्हती. एक शब्द आधी घुसत होती, कुठे दोन शब्द, कुठे अर्ध्या ओळीतच. अकराव्या ओळीला तसंच. बाराव्या ओळीला तसंच. तिने बटण पुढे फिरवलं, जनाबाईला वर काढावं म्हणून, तर तीच वर आली, कानात ओरडल्यासारखी. डबी आपलं काम चोख करत होती. टेकचंदने सांगितलं तसंच, जितकं होतं तितकं मोठं.

आता तिला आठवलं. बायका मान डोलवायच्या त्या तिच्या आवाजावर. हळूहळू ती लवकर शिरू लागली होती. जनाबाई मांडीला चिमटा काढायची. "माजं होऊ दे, मंग तू," असं दातांतून म्हणायची. सुषमाला वाटायचं, म्हातारीला हेवा वाटतो.

पुढचे चार दिवस ती दुपारभर हेडफोन लावून बसली. जीन्सचे गठ्ठे दाराशी साचले, कारखान्यातून दोनदा फोन आला. तिने डावा कान झाकून पाहिला, उजवा झाकून पाहिला. मान वाकडी करून पाहिली, जणू त्याने म्हातारी जवळ येणार होती. एकच ओळ चाळीस-चाळीस वेळा लावली. बटण शेवटपर्यंत नेलं, तेव्हा कानांत शिट्ट्या वाजू लागल्या आणि त्या हेडफोन काढल्यावरही थांबेनात.

"बहिरी होशील," हरिचंद्र म्हणाला.

"झाले तर बरंच. निदान मला मी तरी ऐकू येणार नाही."

"इतकं काय त्यात? कुणाला कळतंय आजकाल? काहीतरी म्हण. मधे चार शब्द घाल, देवाची नावं घाल."

तिने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तो चप्पल घालून बाहेर पडला. पण तो म्हणाला ते तिच्याही मनात येऊन गेलं होतं. तिने तसं करून पाहिलंही होतं, वहीत, पेन्सिलीने. खोटी ओळ लिहिली की तिच्या पुढचा खरा शेवट कसातरीच दिसायचा. तिने ते पान फाडून टाकलं.

दोनशेच्या वर ओळी होत्या. त्यांतल्या अख्ख्या अशा एकोणतीस मिळाल्या. बाकी सगळ्या तिने स्वतःच बुजवलेल्या; त्यांतले सुटे शब्द हाती लागले, तरी त्यांची ओळ होत नव्हती.

डबी आणल्याच्या सातव्या दिवशी ती रखमाबाईंकडे गेली. त्या ओसरीवर चौकाचे तांदूळ निवडत बसल्या होत्या. घराला रंग लागला होता, मांडवाचे बांबू येऊन पडले होते. सुषमाने पदरातली सुपारी काढून सुपाच्या कडेला ठेवली.

"आत्या, मला धवला येत नाही."

"कं बोलतस?"

"येत नाही. शेवट येतात फक्त. म्हातारीचं मी कधी ऐकलंच नाही."

 रखमाबाईंनी सूप इतक्या जोरात बाजूला सारलं की तांदूळ ओसरीभर उडाले. "अकरा वर्सं! अकरा वर्सं तिचे मांडीला मांडी लावून बसलीस, तवा कं करत होतीस गो?"

"झील धरत होते."

"झील धरत होतीस, का तिचा गळा धरत होतीस?"

सुषमाला रडू कोसळलं. तिने रखमाबाईंचे पाय धरले. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत आणि तिला उठवलंही नाही. आतून भावना बाहेर आली, बघितलं, आणि आजीच्या नजरेने तशीच आत गेली.

"दुसऱ्या कुणाला तरी..." सुषमा म्हणाली.

"कोन हाय दुसरी? दाखव मना. गावात एक तरी दाखव." रखमाबाईंचा आवाज फाटला. "आन् ही उचल. ही आता माजी नाय, देवाचे नावाची हाय. जेवढा येतो तेवढा घेऊन ये. नाय आलीस तर गावभर सांगेन, सुषमा सुपारी घेऊन घरात बसली."

सुषमाने सुपारी उचलली. ओसरीवर सांडलेले तांदूळ दोघी मिळून वेचत राहिल्या.

आठवा दिवस डबी परत करायचा. खोका तिने जपून ठेवला होता, थर्माकोल, छोटी पिशवी, सगळं जागच्या जागी. सकाळी स्वयंपाक उरकून तिने डबी खोक्यात घालायला घेतली. मग वाटलं, एकदा शेवटचं ऐकावं. आता काही मिळवायचं नव्हतं, पेन्सिल हातात नव्हती. तिने हेडफोन लावले आणि नुसती बसून राहिली.

दहावी ओळ सुरू झाली. तिचा आवाज आला, नेहमीसारखा. त्याच्या खाली, ती गात असतानाच, एक वेगळा आवाज होता. नाकातून ओढून घेतल्यासारखा, किंचित घरघर असलेला. तिने तो आजवर गोंगाटात धरला होता. तो जनाबाईचा श्वास होता. ओळ संपवून म्हातारी श्वास घेत होती. पुढच्या ओळीला पुन्हा तसाच. त्याच्या पुढच्या ओळीला पुन्हा. शब्द सुषमाने झाकले होते, पण ओळ कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते झाकलं गेलं नव्हतं. साध्या हेडफोनवर हे आलं नसतं, मोबाईलवर तर नाहीच. तिने लावून पाहिलं. खरंच नाही आलं.

एका श्वासापासून दुसऱ्यापर्यंत किती वेळ, ते तिने बोटांच्या पेरांवर मोजायला सुरुवात केली. दहावी ओळ, चौदा पेरं. अकरावी, अकरा. बारावी लांब होती, एकोणीस. वहीत प्रत्येक शेवटाच्या आधी तिने आकडे लिहिले. दुपार झाली. हरिचंद्र जेवायला आला तेव्हा खोका उघडाच पडला होता.

"परत द्यायचाय ना आज? मी नेऊन देऊ?"

"नको."

"म्हणजे ठेवायचा ठरलं?"

"ठरलं काही नाही. आज जमणार नाही एवढंच."

त्याने भात वाढून घेतला. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "काही मिळालं का त्यात?"

"नाही," सुषमा म्हणाली. "काय गेलं ते कळलं. किती लांब होतं तेवढं."

हळदीच्या दिवशी सकाळी चौक भरायचा होता. मांडवात दोन पाट मांडले होते, उजवीकडचा धवलारणीचा, डावीकडचा झिलेचा. सुषमा हिरवी साडी नेसून आली आणि डावीकडच्या पाटावर बसली.

"अगो, त्या पाटावर बस," कुणीतरी म्हणालं. "तू आता मोठी."

ती हलली नाही. कुंदा बदलापूरहून आली होती, ती खांबाला टेकून उभी राहिली. सुषमाला धवला येत नाही हे तिला माहीत होतं; ती आता काय करणार ते माहीत नव्हतं. दहा-बारा फोन वर झाले. छताच्या उघड्या कोपऱ्यातून कॅमेऱ्याचा ड्रोन घरघरत खाली वाकून गेला.

रखमाबाईंनी तांदळाच्या पिठाची पहिली चिमूट सोडली. सुषमाने सुरुवात केली. नऊ ओळी तिने अख्ख्या म्हटल्या. आवाज गोड होता, पण ती तो दाबून, कोरडा करून म्हणत होती, जसा म्हातारीचा असायचा. म्हाताऱ्या बाया मान डोलवू लागल्या. भावनाने मान वर करून हसून पाहिलं.

मग सुषमा थांबली.

मांडीवर ठेवलेल्या हाताच्या पेरांवरून तिचा अंगठा सरकत होता. एक, दोन, तीन. बायकांना वाटलं, ठसका लागला. कुणी पाण्याचा तांब्या पुढे केला. चौदा झाले आणि तिने शेवट उचलला, तेवढाच, बरोबर जागेवर, आणि पुन्हा गप्प झाली. अकरा पेरं. शेवट. पुन्हा गप्प.

बेंजोवाल्याला वाटलं, संपलं. त्याने पट्टी दाबली.

"थांब रे मेल्या!" रखमाबाई ओरडल्या. पिठाची चिमूट त्यांच्या बोटांत तशीच होती.

मांडवात कुजबुज झाली. "विसरली वाटतं." "अशी काय बसलीय?" एक पोर मोठ्याने हसलं आणि त्याच्या आईने त्याला बाहेर नेलं. सुषमाचे कान तापले होते. बाजूच्या रिकाम्या पाटाकडे ती बघत नव्हती, पण त्या बाजूचा तिचा खांदा आक्रसलेला होता, चिमटा बसणार असल्यासारखा. एकोणीस पेरांची ओळ आली. एवढा वेळ भरल्या मांडवात कुणी गप्प बसत नाही. ड्रोन पुन्हा येऊन गेला. खांबापाशी कुंदाने पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. इतरांना ती नुसती शांतता वाटत होती. तिला कळत होतं की त्या जागी तिची आई असायची.

विसाव्या की एकविसाव्या ओळीला सुषमाची मोजणी चुकली. अंगठा कुठल्या पेरावर आहे तेच तिला कळेना. वही घरी राहिली होती. ती थांबून राहिली. जास्त थांबली असेल, कमीही असेल. सांगू शकणारं मांडवात कुणी नव्हतं.

रखमाबाईंनी चौकातून डोळे वर न करता विचारलं, "झाली तिची ओळ?"

"ठाऊक नाही, आत्या," सुषमा म्हणाली. आवाज तिलाच जेमतेम ऐकू गेला इतका लहान होता.

"मंग जरा थांब. होऊ दे तिची."

सुषमा थांबली. मांडवाबाहेर कुणीतरी गाडीचा हॉर्न वाजवला. रखमाबाईंच्या चिमटीतून पीठ सांडू लागलं, तेव्हा सुषमाने शेवट उचलला.